भर दुपारचा अंधार
(वाचकांचे प्रश्न, कॅमेऱ्यामागून उत्तरं)

मागच्या अंकात थरारपटांच्या छायाचित्रणावर मी एक टिपण लिहिलं होतं. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: थरारपटाच्या कॅमेरामनचं मुख्य काम माहिती वाटण्याचं असतं. पडद्यावरच्या माणसाला काय दिसतंय, प्रेक्षकाला काय दिसतंय आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेल्याला काय दिसतंय, या तिन्हींत जो फरक पडतो त्यातून भीती उभी राहते. दिवे लावायचे किंवा विझवायचे ते या हिशेबानं.

त्यावर पुष्कळ पत्रं आली. मी मुंबईहून परत सोलापुरात राहायला आले हे कळल्यामुळे असेल, त्यातली बरीचशी आपल्याच जिल्ह्यातली आहेत. जिथे बोलण्यासारखं जास्त आहे तिथे मी जास्त जागा घेतली आहे. राहिलेल्यांनी राग मानू नये.

ताई, तुम्ही ज्या सिनेमांबद्दल लिहिता त्यात सारखा पाऊस, धुकं, ओली जंगलं. आमच्याकडं आठ महिने ऊन. सोलापुरात थरारपट करायचा म्हटलं तर करायचा कसा? का त्यासाठी कोकणातच जायला पाहिजे?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

कोकणात जायची काही गरज नाही. उलट तुमच्या प्रश्नामुळे माझ्या मनातला फार जुना विषय निघाला.

पावसाळी उजेडाचे फायदे मी नाकारत नाही. ढगांमुळे आकाश एकसारखं पांढरं होतं, सावल्या विरघळतात आणि कंदिलाचा किंवा चिमणीचा पिवळा उजेड त्यात उठून दिसतो. २०१८ चा 'तुंबाड' बघा. कॅमेरामन पंकज कुमारनं त्यात पावसाचा करडा उजेड आणि आतल्या दिव्यांचा तांबूस उजेड असे दोनच रंग जवळजवळ सगळीकडे धरून ठेवले आहेत. महाराष्ट्रातल्या वाड्याची ओल इतकी खरी मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही.

पण ऊनही भीती दाखवतं. १९७२ चा 'गॉडफादर' आठवा. कॅमेरामन गॉर्डन विलिसनं मार्लन ब्रँडोच्या डोक्यावर दिवे टांगले. उजेड वरून पडला की भुवयांची सावली थेट डोळ्यांच्या खोबणीत उतरते. डोळे दिसत नाहीत, म्हणजे माणूस काय विचार करतोय ते कळत नाही, आणि जो समोर बसून बोलतोय पण ज्याचं मन कळत नाही त्याची धास्ती वाटते. स्टुडिओवाल्यांना ते आवडलं नव्हतं. नायकाचे डोळे दिसलेच पाहिजेत असा तेव्हाचा नेम होता. विलिस बधला नाही.

आता आपलं गाव बघा. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. विलिसनं दिवे टांगून जे केलं, ते मे महिन्यात साडेबारा वाजता नवी पेठेत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर सूर्य आपोआप करत असतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, कपाळ आणि नाक पांढरंफटक, पायाशी सावलीचा एवढासा डाग. आम्ही कॅमेरावाले अशा वेळी जेवणाची सुट्टी घेतो, नाहीतर वर पांढरं कापड ताणून ऊन मवाळ करतो. थरारपट करणाऱ्यानं ते कापड काढून टाकावं. दुपारी एकला रिकाम्या रस्त्यावर एक माणूस सावकाश चालत येतोय, डोळे दिसत नाहीत, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. यासाठी धुकं कशाला हवं?

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. थेट उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात, जाड भिंती आणि वरचा एक झरोका एवढ्यावर भागवणाऱ्या खोलीत, तो शंभरच्या घरात येतो. हजार पटींचा फरक. कॅमेऱ्याच्या हिशेबात हे दहा स्टॉप झाले; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उन्हातून आत आलेल्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. आत आधीपासून बसलेल्याला मात्र दारातला माणूस लख्ख दिसतो. म्हणजे ज्या एका क्षणात कोण कुणाला बघू शकतो याचा तोल इतका बिघडतो, तो क्षण आपल्या गावात प्रत्येक घराच्या दारात रोज घडतो. बाहेरून आत येणाऱ्याबरोबर कॅमेरा आला तर आपणही आंधळे. आत बसलेल्याच्या बाजूला ठेवला तर आपण त्याचे साथीदार. दोन्हींत भीती आहे, पण वेगवेगळ्या जातीची. कुठली हवी ते आधी ठरवा, मग ट्रायपॉड उघडा.

डेव्हिड फिंचरचा 'सेव्हन' १९९५ सालचा. जवळजवळ सगळा सिनेमा पावसात आणि कोंदट खोल्यांत घडतो, आणि शेवटाला सगळ्यांना उघड्या माळावर, रणरणत्या उन्हात आणून उभं करतो. लपायला जागा नाही, सगळं दिसतंय, आणि जे सर्वांत भयंकर आहे ते एका खोक्यातच राहतं. प्रेक्षकाला खोक्यात डोकावू दिलेलं नाही. २००७ च्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये रॉजर डीकिन्सनं माळरानावरची प्रेतं भर दिवसा दाखवली आहेत. आपल्याकडे अविनाश अरुणनं २०१५ चा हिंदी 'दृश्यम' चित्रित केला, त्यातलाही कितीतरी भाग स्वच्छ उजेडात घडतो, कारण तिथे लपवाछपवी माणसांच्या बोलण्यात आहे.

आणि रात्रच हवी असेल तर संक्रांतीची, आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आहेच. होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना दोन-तीन सेकंद लख्ख उजेड होतो आणि मग पुन्हा काळोख. त्या गर्दीत कुणी कुणाचा पाठलाग करत असेल तर प्रत्येक झगमगाटात तो थोडा थोडा जवळ आलेला दिसेल. हे दृश्य कुणीतरी करावं असं मला फार वाटतं. मात्र परवानगी घेऊन, आणि मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या मानाच्या वाटेत कॅमेरा न घुसवता.

हल्लीच्या मालिकांत काहीच दिसत नाही. खून झाला एवढं आवाजावरून कळतं. कॅमेरामन लोकांना उजेडाचं वावडं झालं आहे की माझे डोळे गेले?
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

सर, तुमचे डोळे गेलेले नाहीत. दोष तिघांचा आहे, आणि त्यात आमची जातही आहे.

ज्या खोलीत सिनेमाचा किंवा मालिकेचा रंग आणि उजेड पक्का केला जातो ती खोली जवळजवळ अंधारी असते. तिथला पडदा अगदी काटेकोर जुळवलेला असतो. त्या खोलीत बसून कलरिस्ट आणि कॅमेरामन काळ्यातला काळा वेगळा काढतात आणि खूश होतात. तेच चित्र तुम्ही ट्यूबलाइटखाली, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडलेल्या टीव्हीवर बघता. वर नेट संथ असलं की कंपनी चित्र दाबून पाठवते, आणि दाबताना सर्वांत आधी बळी जातो तो अंधारातल्या बारीक तपशिलांचा. काळ्या भागात चौकोनी ठिगळं दिसतात ती त्यामुळे. २०१९ साली 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या रात्रीच्या लढाईच्या भागावर जगभरातून हीच तक्रार झाली. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांचं उत्तर होतं की लोकांचे टीव्ही नीट जुळवलेले नाहीत. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर असेल. मला ते उत्तर पटलेलं नाही. बार्शीतल्या घरात कुठला टीव्ही आहे याचा विचार करणं आमच्या कामात येतं.

शिवाय एक फॅशन आली आहे. सगळं चित्र एकसारखं करडं-निळं आणि मंद करायचं आणि त्याला गंभीर म्हणायचं. विलिसच्या अंधारात कुठेतरी एक चांगला उजळ तुकडा असतो: खिडकी, टेबलावरचा दिवा, पांढरी कॉलर. डोळा त्याच्याशी तुलना करून बाकीच्याला काळं म्हणतो. तो तुकडाच नसेल तर चित्र काळं दिसत नाही, मळकं दिसतं.

तुम्ही एवढं करा: टीव्हीच्या समोरचा दिवा बंद करून मागच्या भिंतीवर उजेड पडेल असा एक छोटा दिवा ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' असेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा. पहिल्या दिवशी चित्र फिकं वाटेल, पण काळ्यातली माणसं परत येतील. एवढं करूनही दिसलं नाही तर दोष आमचा समजा आणि तसं लिहून कळवा.

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' पाहिल्यापासून तो डॉक्टर डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानं फारसं काही न करताही एवढी भीती का वाटते?
— बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सात रस्ता, सोलापूर

तो तुझ्याकडे बघतोय म्हणून. हे शब्दशः खरं आहे.

सिनेमात दोन माणसं बोलत असतात तेव्हा नट कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघतात. भिंगात बघू नये हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. १९९१ च्या या सिनेमात कॅमेरामन टाक फुजिमोतो आणि दिग्दर्शक जोनाथन डेमी यांनी तो अर्धाच पाळला. तपास करणाऱ्या क्लॅरिसशी बोलणारी माणसं, म्हणजे तिचे साहेब, तुरुंगातला तो डॉक्टर, वाटेत भेटणारे पुरुष, पुष्कळदा थेट भिंगात बघतात. क्लॅरिस मात्र किंचित बाजूला बघते. त्यामुळे आपण तिच्या जागी बसतो. तिला जे न्याहाळणं सोसावं लागतं ते आपल्यालाही सोसावं लागतं. एस.टी.त, कचेरीत, परीक्षेच्या हॉलबाहेर तशा नजरेखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला ते ओळखीचं वाटेल, आणि पुरुष प्रेक्षकाला पहिल्यांदा कळेल की ते कसं असतं. मला त्या सिनेमातलं हे सर्वांत मोलाचं काम वाटतं.

शेवटचं तळघर आठव. दिवे गेलेले. क्लॅरिस ज्या खुन्याला शोधतेय त्याच्या डोळ्यांवर अंधारात दिसणारा चष्मा आहे आणि आपण त्याच्या डोळ्यांतून बघतोय. ती चाचपडत येते, त्याचा हात तिच्या केसांपर्यंत पोहोचतो आणि तिला त्याचा पत्ताही नाही. इथे आपल्याला सगळं दिसतंय, आणि त्याचंच ओझं होतं. अंधार तिच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. मागच्या टिपणात मी जे म्हटलं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ताई, आमचे माग आहेत. घरी तेलुगू बोलतो म्हणून लिहिण्यात चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मी न् माझे दोस्त मिळून मोबाइलवर शॉर्ट फिल्म करतोय, रात्रपाळीत एक कामगार गायब होतो अशी गोष्ट आहे. रात्री कारखान्यात शूट केलं तर सगळं दाणेदार येतंय आणि काळं पण होत नाही, करडंच होतंय. ट्यूबच्या उजेडात पट्टे पण सरकतात. पैसे नाहीत. काय करू?
— एक तरुण, अशोक चौक, सोलापूर

तुझं मराठी चांगलं आहे, आणि गोष्ट त्याहून चांगली आहे. तुझ्याकडे पैसे नसले तरी जागा आहे, आणि मुंबईतल्या निर्मात्यांना अशी जागा सेट लावूनही मिळत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

करडं का होतं? फोनला अंधार कळत नाही. उजेड कमी पडला की त्याला वाटतं आपलं चुकतंय, मग तो आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवतो, सगळं उजळायला जातो आणि दाणे येतात. त्याच्या हातून हा निर्णय काढून घे. ज्या अॅपमध्ये आयएसओ आणि शटर हातानं ठरवता येतं ते वापर. आयएसओ खाली ठेव. मग चित्र खूप काळं दिसेल. तिथून उजेड वाढवत जायचं, आयएसओ नाही. काळं दाखवायला उजेड जास्त लागतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. कामगाराच्या खांद्यावर आणि मागच्या भिंतीच्या एका तुकड्यावर चांगला उजेड पाड आणि त्या उजेडाला बरोबर धरून एक्सपोजर बांध. मग न उजळलेला सगळा भाग आपोआप काळा पडेल, आणि स्वच्छ काळा पडेल.

पट्टे सरकतात ते विजेमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव, पट्टे जातील. मोठ्या कॅमेऱ्यावर २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे त्याच १/५० सेकंदावर, ठेवतात तेही याच कारणासाठी. काही स्वस्त एलईडी दिवे तरीही त्रास देतात, ते आधी तपासून घे.

आता कारखाना. सगळ्या ट्यूब चालू ठेवल्या तर ते रोजचं काम दिसेल. सगळ्या बंद करून एक दिवा लावलास तर नाटकाचा रंगमंच वाटेल. मधली वाट धर: रांगेतल्या दोन-तीन मागांवरच्याच ट्यूब चालू, मधले माग काळोखात. माणूस उजेडातून काळोखात जातो, पुढच्या उजेडात बाहेर येतो. असं दोनदा दाखव. तिसऱ्यांदा तो काळोखात जातो आणि पुढच्या उजेडात येतच नाही. कॅमेरा हलवू नकोस, कट करू नकोस. माग चालूच राहू देत. तुझी गोष्ट इथेच सांगून झाली. फडफडणारी ट्यूब मात्र नको. ती इतक्या सिनेमांत फडफडली आहे की प्रेक्षक आधीच सावध होतो.

चेहऱ्यासाठी दिवा विकत घेऊ नकोस. पांढरं कापड तुमच्याकडे थानांनी पडलेलं असेल. ट्यूबचा उजेड पांढऱ्या टॉवेलवर पाडून तो चेहऱ्यावर परतव. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला होता. पाहणाऱ्याला ते खरं अंगण वाटलं. आमच्या सेटवर हेच काम थर्माकोल करतो. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी हवी असेल तर तिथे काळी चादर धर. भिंतीवरून परतणारा उजेड ती गिळून टाकते. आणि डोळ्यांत बघ. बुबुळात दिव्याचा बारीक ठिपका असला की माणूस जिवंत, आपलासा वाटतो. ज्याच्यावर संशय यायला हवा त्याच्या डोळ्यांतला ठिपका काढून टाक, दिवा दोन हात वर सरकवला की जातो. संवाद बदलायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. कारखान्यात धूर करू नकोस. उजेडाचे झोत दिसायला सिनेमावाले धूर सोडतात, पण तुमच्या हवेत सुताची धूळ असतेच. मागच्या बाजूनं उजेड टाकलास की तीच चमकते. ही धूळ आणि सूत क्षणात पेट घेतं. हॅलोजन लावणार असशील तर सुतापासून लांब, आणि कुणीतरी फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवून उभं राहील असं बघ. चालू मागाच्या जवळ सैल शर्ट घातलेला नट उभा करू नकोस. फिल्म झाली की दाखव, मी येऊन बघेन.

'सेव्हन'चा तो काळा-करडा रंग कॉम्प्युटरवर केला आहे का? तसा फिल्टर मिळतो का?
— एक वाचक, पंढरपूर

मिळतो, पण मूळ काम रसायनाचं आहे. रंगीत फिल्म धुताना प्रतिमा आधी चांदीची बनते आणि तिच्या जोडीनं रंग तयार होतात. मग ब्लीच करून चांदी काढून टाकतात, रंग मागे राहतात. ब्लीचची पायरी गाळली किंवा अर्धवट केली तर चांदी फिल्मवरच राहते. रंगीत चित्रावर कृष्णधवल चित्र बसल्यासारखं होतं: काळा रंग दाट होतो, बाकीचे रंग उतरतात. जपानमध्ये कॅमेरामन काझुओ मियागावांनी १९६० मध्येच हे केलं होतं. डीकिन्सनं १९८४ साली केलं. 'सेव्हन'चा कॅमेरामन दारियुस खोंजी, त्यानं त्या सिनेमाच्या काही प्रतींवर या जातीची प्रक्रिया करून घेतली. सगळ्या प्रतींवर नाही, कारण महाग पडते. एरवी प्रयोगशाळा ती चांदी परत मिळवते.

पण नुसता फिल्टर लावून ते येणार नाही, कारण खोंजीनं दिवेही त्या हिशेबानं लावले होते. पोलिसांच्या हातातले टॉर्च आठवा. खोली काळी, आणि उजेड तिथेच पडतो जिथे पोलीस बघतोय. आपल्याला त्याच्या मनगटाच्या वळणाएवढंच दिसतं. खून होताना दाखवलेले जवळजवळ नाहीतच. तपास करणाऱ्याबरोबर आपण उशिरा पोहोचतो आणि उरलेलं तुकड्या-तुकड्यांनी बघतो. मला यात एक सभ्यता वाटते. मेलेल्या माणसाच्या देहाकडे किती वेळ आणि किती जवळून बघायचं हे कॅमेरामनही ठरवत असतो. काहीजण त्या देहावर इतका सुंदर उजेड पाडतात की बघताना मला लाज वाटते.

रात्रीच्या दृश्यात रस्ते नेहमी ओले का असतात?
— एक वाचक, मोहोळ

कोरडं डांबर उजेड पिऊन टाकतं. पाणी मारलं की प्रत्येक दिवा रस्त्यात पुन्हा उमटतो, काळ्या पट्ट्याला खोली येते आणि कमी दिव्यांत भागतं. १९४९ च्या 'द थर्ड मॅन'मध्ये रॉबर्ट क्रास्करनं व्हिएन्नाच्या दगडी रस्त्यांवर हे असं केलं आहे की आजही ते पाहून आम्ही शिकतो. त्याला त्या कामाचं ऑस्करही मिळालं. पाण्याचा आणखी एक उपयोग १९६७ च्या 'इन कोल्ड ब्लड'मध्ये आहे. फाशीच्या आधी कैदी खिडकीशी उभा राहून वडिलांबद्दल बोलतो, काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याची सावली त्याच्या गालावर पडते आणि तो रडतोय असं दिसतं. नट रडत नाहीये. कॅमेरामन कॉनरॅड हॉलनं ते ठरवून केलं नव्हतं. तालमीच्या वेळी दिसलं आणि राखलं.

तरीही, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या आपल्या शहरात टँकरनं रस्ते भिजवून शूटिंग करू नका अशी माझी विनंती आहे. पावसाळ्याची वाट बघा.

माझ्या मुलीला कॅमेरावूमन व्हायचं आहे आणि तिला आवडतात ते असलेच खुनाचे, काळेकुट्ट सिनेमे. रात्री-अपरात्रीचं काम, सगळे पुरुष, आणि सतत रक्त बघून मनावर काय परिणाम होईल? तुम्ही त्यातून गेला आहात म्हणून विचारते.
— एक आई, जुळे सोलापूर

ताई, आधी मनाचं. सेटवर रक्त म्हणजे मेकअपवाल्याच्या हातातली बाटली. प्रेत झालेला नट दोन शॉट्सच्या मध्ये उठून चहा पितो. आमचं लक्ष फोकस, उजेडाचं मोजमाप, कुठल्या दिव्याची सावली चुकीची पडते यात असतं, त्यामुळे भीती वाटायला सवड नसते. त्रास होतो तो वेगळ्या दृश्यांचा: एखाद्या बाईवर जबरदस्ती होते असं दृश्य, लहान मुलाला घाबरवायचं दृश्य. त्या रात्री झोप येत नाही. अशा वेळी मी दिग्दर्शकाला विचारत आले की कॅमेरा तिच्या बाजूनं ठेवायचा की त्याच्या. काही दिग्दर्शकांनी विचार करून जागा बदलली. ज्यांना हा प्रश्नच कळला नाही त्यांच्याबरोबर मी पुढे काम केलं नाही. तुमच्या मुलीला हे सिनेमे आवडतात याची काळजी करू नका. तिला त्यात काय आवडतं ते विचारा. ती उजेडाबद्दल, कॅमेऱ्याच्या जागेबद्दल बोलू लागली तर तिची निवड बरोबर आहे.

पुरुषांच्या गर्दीचं म्हणाल तर वाट पूर्वीच पडली आहे. तमिळ सिनेमात बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे छायाचित्रण केलं. आज या कामात मुली आहेत, संख्या अजून कमी आहे, पण एकटी पडेल असं राहिलेलं नाही. शारीरिक कष्ट आहेत. कॅमेरा, लेन्सच्या पेट्या, बारा-बारा तास उभं राहणं. पाठ आणि गुडघे आधीपासून सांभाळावे लागतात.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कलकत्त्याच्या सत्यजित राय संस्थेतही आहे. दोन्हीकडे आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. तोवर पदवी पूर्ण करू दे, आणि ज्याचं शटर, छिद्र आणि आयएसओ हातानं फिरवता येतं असा एखादा जुना कॅमेरा तिला घेऊन द्या, नवा नको. दिवसातून एकदा घरातली तीच खिडकी, तोच चेहरा, वेगवेगळ्या वेळी. काम मिळू लागलं की रात्रीच्या शूटिंगनंतर घरापर्यंत सोडायला गाडी मिळेल हे आधी लेखी ठरवून घ्यायला सांगा. मागायला संकोच वाटतो, पण चांगला निर्माता ती न मागता देतो, आणि जो मागूनही देत नाही त्याच्याकडे तिनं जाऊ नये.